दगडूनानांचा पुकारा

रोज सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या बोळात एक वांगं कोर्टात हजर होतं.

"वांगी नंबर तीन, राहणार मोरीजवळ, हाजिर है?"

हा आवाज दगडूनाना आढावांचा. खणखणीत, लांबवलेला, शेवटच्या 'है'वर कौलांपर्यंत चढणारा. आणि एकदा नाही, तीनदा. दोन पुकाऱ्यांच्या मधे नाना बोटांवर दहा आकडे मोजतात. तेवढ्या वेळात वांग्याला काही म्हणायचं असेल तर त्याने म्हणावं. वांगं काही म्हणत नाही. मग नाना वाकून पानं उलटी करून बघतात, कीड चिमटीत धरून काढतात आणि निकाल देतात, "हजर. पुढं चला." मग मिरची. मग दोडका. मग अळू. सगळी फेरी संपेपर्यंत बोळातल्या एकाही माणसाला झोप लागू शकत नाही.

आमचा बोळ म्हणजे नगरच्या तोफखान्यामागची दहा-बारा बिऱ्हाडं आणि त्यांच्यात एक नळ. नाना शेवटच्या खोलीत एकटेच राहतात. मागे चार खाटा मावतील एवढं परसू. कोर्टात पक्षकारांची नावं दारात उभं राहून मोठ्याने पुकारायची, हे पट्टेवाल्याचं काम. नानांनी ते तीस वर्षं केलं, तीन-चार गावांच्या कोर्टांत. पेन्शनीत आल्यावर पक्षकार गेले, पुकारा राहिला. तो त्यांनी भाजीपाल्याला लावला.

जे झाड वेळेवर धरत नाही त्याला तारीख मिळते. "कारलं, पुढची तारीख एकादशी." एकादशीलाही कारलं रिकामंच असेल तर अमावस्या. त्यांच्या दारातली एक पपई गेली चार वर्षं तारखांवर आहे. ती नर आहे. तिला फळ धरायचं नाही, हे बोळातलं शेंबडं पोरही सांगेल. मी तर कृषी खात्याचं पत्रक नेऊन त्यांना वाचून दाखवलं.

"हे तू म्हनतोस," नाना शांतपणे म्हणाले, "पपई काय म्हनली?"

"झाड काय म्हणणार, नाना?"

"मग तिचं म्हननं ऐकल्याबिगर कुऱ्हाड कशी लावू?"

दुष्काळ पडला त्या साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि बोळाच्या नळपाणी कृती समितीचा सेक्रेटरी होतो. माझं अक्षर बरं आणि राग चांगला, म्हणून कोपऱ्यावरचा फळा माझ्याकडे होता. टँकर उशिरा आला की मी फळ्यावर कुणाला सोडत नसे. चार गल्ल्यांत वाटायची पत्रकंही मीच लिहायचो. ती स्टेन्सिलवर काढून देणारा मित्र म्हणायचा, "तुझ्या मजकुराने यंत्र तापतं." अन्याय दिसला की माझ्या कानशिलात ठणकायला लागायचं, आणि त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात तो जिकडे तिकडे दिसत होता.

नळ कोरडा पडला होता. एक दिवसाआड टँकर यायचा. समितीने माणशी एक हंडा ठरवला होता, म्हणजे नानांना एक. एका हंड्यात दोन दिवस माणूस जगतो हेच मला भयंकर वाटत होतं, आणि इथे नानांचा दोडका मांडवावर चढत होता. मी चौकशीला गेलो, तेव्हा उंबऱ्यातच अडवला गेलो.

"थांब. पाय कारल्याला."

"काय?"

"पाय धू. पन कारल्याच्या आळ्यात हुबं राहून. पानी वाया जाऊ द्यायचं न्हाई."

पाव्हण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, ही रीत नानांनी दुष्काळातही मोडली नव्हती. फक्त ते पाणी कुठे पडायचं ते ते ठरवायचे. प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिलेलं होतं. माझी आई मिरचीला. समितीचे अध्यक्ष बोरुडे मास्तर अळूला. जनावरांची मोजणी करायला आलेल्या सरकारी साहेबाचे बूट काढायला लावून त्याला त्यांनी दोडक्यात उभं केलं होतं, म्हणे.

"मलाच कारलं का?" चार-सहा फेऱ्या झाल्यावर मी विचारलं.

"तुझा राग त्याला लागू पडतो. बघ कसं धरलंय."

खरंच धरलं होतं.

पाय धुण्यावरच थांबलं असतं तरी ठीक होतं. संध्याकाळी नाना बादली घेऊन दारोदार फिरायचे आणि तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, भांड्यांचं पहिलं पाणी गोळा करायचे. त्या पाण्यावरून त्यांना सगळ्या बोळाची खबर असायची. "मास्तर, तुमच्या धुवणात तांदूळच लई येतोय. सूनबाईला म्हनावं, हात आवर." आई मला म्हणाली, "माझ्या घरात काय शिजतं ते तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे." स्वतः नाना आठवड्यातून एकदा अंघोळ करायचे, तीही शेवग्याच्या बुंध्यात पाट टाकून, लंगोटीवर, भर उजेडात. समोरच्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. नाना साबण लावायचे नाहीत, कारण शेवग्याला तो चालत नाही.

मी हादरलो होतो, पण भारावलोही होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दगडूनानांकडून शिका. एक थेंब वाया नाही.' खाली, 'सत्तेवर बसलेल्यांनो, तुम्हीही शिका.' नानांनी ते वाचलं, मान हलवली आणि संध्याकाळी आमच्याकडे चार कारली पाठवली. माझ्याच पायावर वाढलेली. आईने त्यांची भाजी केली, पण मला घास उतरेना.

आता खरा धक्का.

वैशाखातली दुपार. बोळ ओस. पत्रकात नानांच्या बागेची माहिती घालावी म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक न मारताच मी परसात गेलो, तर नाना भिंतीच्या कडेला माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले. तिथे एक डाळिंब होतं, पुरुषभर उंचीचं. इतके दिवस माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं, कारण सकाळच्या पुकाऱ्यात त्याचं नाव कधी येत नसे. नानांच्या हातात पितळेचा तांब्या होता आणि ते बुंध्याशी पाणी घालत होते. दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा एवढ्या काळजीने घालत नाही.

पाणी स्वच्छ होतं.

"नाना, कसलं पाणी हे?"

ते दचकले नाहीत. "प्यायचं."

"प्यायचं?"

"व्हय. गाळून घेतलंय."

माझ्या कानशिलात ठणका सुरू झाला. पलीकडच्या बिऱ्हाडात बाळंतीण होती. म्हातारीकोतारी टँकरखाली भांडं धरून उन्हात उभी राहत होती. आणि हा माणूस प्यायचं पाणी गाळून झाडाला घालत होता.

"बाकीच्या झाडांना पायाचं पाणी चालतं, मग हे कुठलं लाडकं लागून गेलं?"

"बाकीचे पक्षकार हायेत," नाना म्हणाले. "ह्यो मुद्देमाल हाय."

"कसला मुद्देमाल?"

"कोर्टात जमा झाल्याली वस्तू. ज्याची त्याला जशीच्या तशी परत करायची अस्ती. तिला कुनाचे पाय लावायचे न्हाईत."

"कुणाची वस्तू?"

"केस चालू हाय," नाना म्हणाले आणि उठले. त्या उन्हाळ्यात झाडाला एकच फळ टिकलं होतं. त्याला फडकं बांधलेलं होतं. त्यांनी ते सोडलं, फळाला हात न लावता चारी बाजूंनी बघितलं आणि पुन्हा बांधलं. याआधीच्या सालांतली फळं ते खायचे का, असं मी खवचटपणे विचारलं. "मुद्देमाल खात्यात व्हय? तडकून खाली पडायची. पाखरं खायची. पाखरांना कायदा लागू न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर जुना मजकूर पुसून मी नवा लिहिला: 'माणूस तहानलेला, डाळिंब ओलं. आपल्यातच पाणीचोर.' नाव लिहिलं नाही, पण डाळिंब बोळात एकच होतं.

नाना आले. चष्मा पुसून त्यांनी फळा वाचला, पुन्हा वाचला. आजूबाजूला माणसं जमली होती. मी खडू हातात घेऊन तयार होतो. उत्तरं पाठ होती.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "पुकारा केल्ता का?"

"कसला पुकारा?"

"माझं नाव पुकारलं का तीन डाव? मी घरातच हुतो. तू एकतर्फी निकाल दिलास."

"डोळ्यांनी बघितलं मी, नाना. त्यात ऐकायचं काय राहिलं?"

"अस्सं," नाना म्हणाले. चष्मा खिशात घालून ते गेले. लोकांत कुणीतरी हसलं. आपली सरशी झाली, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर समिती बसली. ठराव माझा होता: ज्याला झाडाला घालण्याइतकं प्यायचं पाणी उरतं, त्याला पुऱ्या हंड्याची गरज नाही, नानांचा हंडा निम्मा करावा आणि निम्मा बाळंतिणीच्या घरी द्यावा. मास्तर कच खात होते. मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्वाचा प्रश्न म्हटलं की मास्तर गप्प बसतात.

नाना खाली मान घालून ऐकत होते. "हुकूम मान्य," ते म्हणाले. "फकस्त बाळंतिनीला सांगा, बाळाच्या अंगुळीचं पानी मोरीत सोडू नका. माज्याकडं धाडा. त्याला भेंडी लई चांगली येती."

ठराव एकमताने पास झाला.

त्या रात्री आईने मला वाढलं आणि ताटासमोरच बसून राहिली. ती तशी बसली की समजावं.

"नानांचे ओठ बघितलेस का?"

"का?"

"फुटलेत. ते झाडाचं पाणी कमी करणार नाहीत, स्वतःचं करतील. हे तुमच्या ठरावात होतं का?"

मी म्हणालो की हा हट्टीपणा आहे. आई म्हणाली, "असेल. पण मोरीतलं पाणी मागून झाडं जगवणारा माणूस एकाच झाडाला आपल्या घोटातलं घालतो, तर विचारावंसं वाटलं नाही का तुला?"

"विचारलं. सांगितलं नाही त्यांनी."

"ओरडून विचारलं असशील."

ठरावानंतर दोन आठवडे मी कारल्यात पाय ठेवला नाही. सकाळचा पुकारा चालू होता, पण 'है' आता कौलांपर्यंत जात नव्हता. मधेच आवाज फाटायचा आणि नाना खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तीनदा म्हणजे तीनदाच. अर्धवट झालेला त्यांच्या हिशेबी धरला जात नसे.

मग एका सकाळी पुकारा झालाच नाही. मी भिंतीवरून डोकावलो. डाळिंबावरचं फडकं गेलं होतं आणि फळही.

नाना दर आठवड्याला काष्टीच्या बाजाराला जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. बियाणं आणायला, असं ते सांगायचे. नगरात बियाणं मिळत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "काष्टीच्या भोपळ्याची बातच न्यारी." त्यांच्या परसात भोपळा मी कधी पाहिलेला नव्हता. आज बाजाराचाच दिवस होता, आणि दोन आणि दोन चार करायला मी पत्रकं लिहून शिकलो होतो. बोळाच्या प्यायच्या पाण्यावर पोसलेलं फळ हा माणूस बाजारात विकणार होता. मी सायकल एस.टी. स्टँडवर टाकली आणि नानांच्या गाडीनंतरच्याच गाडीने निघालो. वाटेत नव्या पत्रकाचं शीर्षकसुद्धा ठरवलं.

काष्टीचा बाजार म्हणजे जनावरांचा समुद्र. त्या साली तर जास्तच. चारा नाही म्हणून लोक दावणीच्या दावणी घेऊन आले होते. मी बैलबाजाराकडून आत शिरलो. हंबरणं, घुंगरं, दलालांची बोलणी. अर्धा तास धूळ खाऊन मी भाजीच्या बाजूला पोचलो, तेव्हा नाना दिसले. ते कुणाला काही विकत नव्हते. एका लिंबाखालच्या दगडावर चढून त्यांनी पिशवीतून कोर्टाचा जुना लाल पट्टा काढला, झटकला आणि छातीवरून आडवा घातला. मग टोपी नीट केली.

"यमुनाबाई मारुती भोस, हाजिर है?"

मी जागच्या जागी थिजलो. शेजारी भेळवाला कांदा चिरत होता. त्याने मानही वर केली नाही.

"हे काय चाललंय?" मी त्याला विचारलं.

"कोर्टवाला हाय. दर बाजारी येतो. तीन हाका मारतो, बसतो आन् जातो."

"कुणी येतं का?"

"मी सात-आठ साल बघतोय. कोन न्हाई आलं."

नानांनी बोटांवर दहा मोजले. दुसरा पुकारा केला. दहा मोजले. तिसऱ्याला आवाज फाटला. खाकरून त्यांनी तो पुन्हा, पहिल्या अक्षरापासून केला. मग ते दगडावरून उतरले, तिथेच बसले आणि पिशवीतून डाळिंब काढून मांडीवर ठेवलं. तेव्हा त्यांनी मला बघितलं.

"माग काढत आलास व्हय? बस."

मी बसलो. कारल्याच्या आळ्यासाठी पाय पुढे केल्यासारखा.

"एक कोर्ट हुतं," नाना म्हणाले. "कुठलं ते सांगत न्हाई. दुपार झाल्ती. साहेबांना जेवायला जायाचं हुतं. शेवटची केस. मला पडसं झाल्तं आन् मलाबी भूक लागल्ती. म्या दारात जाऊन नाव घेतलं. एकदाच, तेबी तोंडातल्या तोंडात. आत येऊन सांगितलं, तीनदा पुकारलं साहेब, गैरहजर. एकतर्फी झालं. बाईचं घर हुतं, तिच्या नवऱ्याच्या माघारचं. ते गेलं."

"आणि बाई?"

"आवारातच हुती. टाकीवर पानी प्यायला गेल्ती. पदरानं तोंड पुशीत आली आन् मलाच इचारलं, 'दादा, माझं नाव झालं का?' म्या म्हनलो, झालं. ती म्हनली, 'मला ऐकू न्हाई आलं.' भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हनली. ऐकू न्हाई आलं."

भेळवाल्याची सुरी थांबली होती.

"अपील, वकील, काही..." मी म्हणालो. कानशिलातला ठणका सुरू झाला होता, पण या वेळी तो कुणावर सोडावा ते कळेना.

"ताबा घ्यायला बेलीफासंगं मीच गेल्तो," नाना म्हणाले. "परसात तिनं लावल्यालं डाळिंब. नव्या मालकानं आधी त्येच तोडलं. म्या एक फांदी उचलली, वल्या फडक्यात गुंडाळून आनली आन् लावली. जगली. बाई काष्टीकडं भावाकडं गेली, एवढंच कळलं. भावाचं नाव ठावं न्हाई. तलाठ्याला इचारलं, दुकानदारांना इचारलं. मग म्हनलं, बाजाराला तर माणूस येतंच कवातरी."

"पण नाना, या उन्हाळ्यात एकाच फळासाठी स्वतः पाण्यावाचून..."

"ह्या साली झाड गेलं असतं तर परत काय करायचं?" त्यांनी फळ उलटं करून बुडाशी कुठे तडा गेलाय का ते बघितलं. त्यांचे ओठ खरंच फुटले होते. माझ्या ठरावाने. "मालक येईपातूर मुद्देमाल जित्ता पायजे."

बाजार आमच्या भोवतीने चालला होता. थोड्या वेळाने नानांनी मान वळवली.

"सेक्रेटरी, तू कुठनं आलास?"

"बैलबाजाराकडून."

"माजी हाक तितं ऐकू जात असंल?"

खोटं बोलावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण माझी जीभ तशी नाही.

"नाही, नाना. तिथे काहीच ऐकू येत नाही. घुंगरं आहेत, दलाल आहेत. तुमचा आवाज पोचत नाही."

नाना मांडीवरच्या फळाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते फळ्यावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. सात-आठ वर्षांचे सगळे बाजार त्यांनी त्या एका वाक्यात मोजले असावेत.

मी उठलो. मग त्यांनी पट्टा काढला आणि माझ्याकडे धरला. मी तो घातला नाही, खांद्यावर टाकला. परत धुळीतून, शेपट्यांमधून, रुमालाखाली बोटांनी सौदे करणाऱ्या दलालांमधून बैलबाजाराच्या पार टोकाला गेलो. तिथे एक मोडकी बैलगाडी होती. तिच्यावर चढलो. माझा घसा मोर्च्यांनी तयार झालेला. आजवर त्याने फक्त मुर्दाबाद केलं होतं.

"यमुनाबाई मारुती भोस, हाजिर है?"

दोन-चार बैलांनी माना वळवल्या. एक दलाल म्हणाला, "आता ह्यो कोन नवा?" मी बोटांवर दहा मोजले. दुसऱ्यांदा पुकारलं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. गर्दीत कितीतरी पदर होते, कितीतरी पाठी. दहा मोजले. तिसऱ्यांदा पुकारलं.

दहा मोजले. मग अकरा. मग बारा.